माती नेली कुठं? आण्णांबरोबर जुन्या छावण्यांची चार दिवसांची ट्रिप

दिवस पहिला, शुक्रवार

मेमोरियल डेचा (मेअखेरचा सोमवार, शहीद सैनिकांच्या आठवणीचा) लाँग वीकेंड आला की बे एरियातली, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची, अर्धी देशी जनता योसेमिटीला नाहीतर टाहोला पळते. आम्हीही पळणार होतो पण बुकिंग करायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे व्हायचं तेच झालं. मग बायको म्हणाली की आता तुझ्या डोक्यात जे काय आहे तेच कर, पण आण्णांना चार दिवस घरात बसवून ठेवू नकोस. माझ्या डोक्यात होत्या आर्मी-नेव्हीच्या बंद पडलेल्या छावण्या, आणि त्यांनी मागे ठेवलेली घाण कशी साफ करतात ते.

आण्णा म्हणजे माझे वडील. नगर जिल्ह्यात झेडपीचे गुरुजी होते, त्यातली बरीच वर्षं के. के. रेंजच्या कडेच्या एका वस्तीशाळेवर काढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, के. के. म्हणजे खारे कर्जुने, रणगाड्यांच्या सरावाचं मैदान. फायरिंग चालू झालं की शाळेचे पत्रे थरथरायचे आणि पोरं पाढे म्हणायची थांबून मोजायला लागायची, एक, दोन, तीन. फायरिंग संपलं की गावातली काही माणसं भंगार वेचायला आत शिरायची, पितळेला भाव चांगला. त्यात माणसं गेल्याच्या बातम्या आजसुद्धा अधूनमधून येतात. त्यामुळे आर्मीची जागा म्हटलं की आण्णांचे कान टवकारतात.

आणि झालं असं की ते आले त्याच दिवशी एअरपोर्टवरून घरी येताना हायवे १०१ वरून त्यांना माउंटन व्ह्यूजवळ तो अवाढव्य हँगर दिसला आणि "हे गोदाम कसलं रे?" असं त्यांनी विचारलं, मी म्हटलं सांगतो नंतर. ट्रिपची सुरुवात तिथूनच केली.

हँगर वन. मॉफेट फील्ड. लांबी १,१३३ फूट, रुंदी ३०८, उंची १९८, म्हणजे आत आपली आख्खी सोसायटी पार्किंगसकट मावेल. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन नेव्हीच्या यूएसएस मेकन नावाच्या हवाई जहाजासाठी बांधला. हे विमान नाही बरं का, हेलियम भरलेला ७८५ फुटांचा लांबुळका फुगा, ज्याच्या पोटात छोटी विमानं लटकवायची सोय होती. दोन वर्षांत तो बिग सरच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडला, १२ फेब्रुवारी १९३५ ला. हँगर मात्र राहिला.

बेस पास नसल्यामुळे आत जाता येत नाही, म्हणून आम्ही बे ट्रेलवर गाडी लावून खाडीच्या बाजूने चालत गेलो. डावीकडे मिठागरं, उजवीकडे रनवे, समोर हा राक्षस. आण्णांना सांगितलं की १९९४ मध्ये नेव्ही हे सोडून गेली, जागा नासाकडे आली, आणि मग कळलं की हँगरच्या पत्र्यांवरच्या लेपात पीसीबी नावाचं विषारी रसायन आहे, जोडीला ॲस्बेस्टॉस आणि शिशाचा रंग, आणि पावसात ते धुऊन शेजारच्या दलदलीत उतरतंय. नेव्हीने म्हटलं पाडून टाकू. लोक भडकले, सभा भरल्या, शेवटी २०११-१२ मध्ये सगळे पत्रे काढले आणि नुसता लोखंडी सांगाडा ठेवला. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तो तसाच उघडा होता, देवमाशाची हाडं वाळत घातल्यासारखा. २०१४ मध्ये गूगलच्या एका कंपनीने नासाकडून ६० वर्षांच्या भाड्याने घेतला आणि आता त्याला नवी कातडी चढलीये.

आण्णांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पत्रे काढले ते ठीक. पण जमिनीत उतरलं त्याचं काय? ती माती नेली कुठं?"

मी म्हटलं, आण्णा, मातीपेक्षा पाण्याची कटकट मोठी आहे. मॉफेट १९८७ पासून सुपरफंडवर आहे, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात घाण जागांची जी सरकारी यादी असते त्यात. विमानांचे पार्ट पुसायला नेव्ही टीसीई नावाचं सॉल्व्हंट वापरायची, आणि हायवेच्या पलीकडे चिप बनवणाऱ्या कंपन्याही तेच वापरायच्या. दोघांचं जमिनीत मुरलं आणि भूजलात एक झालं. आता कोणाचं किती ते देव जाणे. पाणी उपसायचं, गाळायचं, सोडायचं, असं वर्षानुवर्षं चालू आहे, आणि वरच्या इमारतींमध्ये त्याची वाफ शिरते का ते तपासत राहायचं. आमच्या सांता क्लारा काउंटीत अशा २३ जागा आहेत, देशातल्या कुठल्याही काउंटीत एवढ्या नाहीत. सिलिकॉन व्हॅली सिलिकॉन व्हॅली म्हणून आपण नातेवाइकांना फोटो पाठवतो ना, ती ही.

"घर घेताना हे सांगितलं होतं का?" बायकोने विचारलं. सांगितलं होतं. त्या दोनशे पानांत कुठेतरी होतं आणि आपण दोघांनी सही केली होती.

मग दक्षिणेला निघालो. गिलरॉयला लसणाचा वास, कॅस्ट्रोव्हिलला आर्टिचोकची शेतं, आणि मध्ये ट्रॅफिक, ट्रॅफिक, ट्रॅफिक. सव्वा तासाचा रस्ता साडेतीन तासांत कापून मरीनाला पोचलो तर मोटेलवाला म्हणतो तुमच्या नावावर एकच खोली आहे. दोन बुक केल्या होत्या. वाद घालायची ताकद नव्हती. आण्णा आणि आमची लेक सई पलंगावर, आम्ही दोघं खाली, आणि रात्रभर तो बर्फाचा मशीन भिंतीपलीकडे खडखडत होता.

दिवस दुसरा, शनिवार

सकाळी पडदा उघडला तर बाहेर काहीच नाही. धुकं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मे-जूनमध्ये असंच असतं, आणि सईने शॉर्ट्स आणलेत. थालीपीठं आणि शेंगदाण्याची चटणी मोटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करून निघालो.

आता फोर्ट ऑर्ड. हीच ट्रिपची खरी जागा. १९१७ मध्ये आर्मीने माँटेरेच्या उपसागराजवळ सरावासाठी जमीन घेतली, वाढता वाढता साधारण २८,००० एकर झाली. दुसरं महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम, सगळ्याला इथून पोरं तयार होऊन गेली, जवळजवळ १५ लाख असं सांगतात. गिटारवाला जिमी हेंड्रिक्स १९६१ ला बेसिक ट्रेनिंगला इथेच होता, हॉलिवूडचा क्लिंट ईस्टवुड इथे सैनिकांना पोहायला शिकवायचा. मग शीतयुद्ध संपलं, सरकारने तळ बंद करायच्या याद्या काढल्या, १९९१ च्या यादीत ह्याचं नाव आलं आणि सप्टेंबर १९९४ ला झेंडा उतरला. पण त्याच्याआधीच, १९९० मध्ये, जागा सुपरफंडवर गेली होती. म्हणजे छावणी बंद व्हायच्या आधीच घाण किती आहे त्याचा हिशेब सुरू झालेला.

पहिल्यांदा फोर्ट ऑर्ड ड्यून्स स्टेट पार्कला गेलो. हायवे १ च्या पुलावरून पलीकडे उतरलं की वाळूच्या टेकड्या आणि त्यामागे समुद्र, आवाज येतो पण धुक्यात दिसत नाही. लांब, रिकामा, सुंदर किनारा. २००९ ला लोकांसाठी उघडला, त्याच्या आधी दशकानुदशकं इथे रायफल रेंज होत्या. सैनिक जमिनीकडून समुद्राच्या दिशेने गोळ्या मारायचे आणि वाळूची टेकडी मागे भिंतीसारखी, गोळी चुकली तर पुढे पाणी. आयडिया चांगली आहे, पण प्रत्येक गोळीत शिसं. टेकडीचा चेहरा शिशाने भरून गेला होता.

इथे आण्णांचा प्रश्न आलाच. आणि इथे माझ्याकडे उत्तर होतं, मी आदल्या महिन्यात रात्री जागून आर्मीचे रिपोर्ट वाचले होते (सगळे ऑनलाइन आहेत, हजारो कागद, कोणीही वाचा). शिशाची वाळू खणून काढली आणि पलीकडे फोर्ट ऑर्डचाच जो जुना कचरा डेपो होता त्याच्यावर नेऊन पसरली, वर झाकण घातलं, आणि आता ती त्या झाकणाच्या खालचा थर आहे.

आण्णा थांबले. "म्हणजे ह्या खिशातनं त्या खिशात."

मी म्हटलं, हो, पण त्या खिशाला चेन आहे. वरून पाणी आत जाणार नाही असं झाकण, खालच्या भूजलावर लक्ष, गॅस काढायची सोय. "चेन किती वर्षं टिकंल?" ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी सईला शिंपले दाखवायला गेलो.

पाटीवर एक गोष्ट छान होती. टेकड्यांवर जी जाड पानांची, गुलाबी फुलांची आईस प्लांट दिसते ती इथली नाहीच, वाळू उडू नये म्हणून आर्मीने लावली आणि मग तिनेच सगळं गिळलं. आता ती उपटून इथली झाडं लावतात, त्यात एक बकव्हीट आहे ज्याच्यावर स्मिथ्स ब्लू नावाचं नखाएवढं निळं फुलपाखरू जगतं. म्हणजे शिसं काढायचं आणि फुलपाखराच्या झाडाला धक्का लावायचा नाही, अशी दोन्हीकडून कसरत. फुलपाखरू काय दिसलं नाही. थंडीने सईची नखं मात्र निळी झाली. आर्मीचे जुने दारूगोळ्याचे बंकर दिसले, अर्धे वाळूत, वर रंगीत चित्रं काढलेली.

एक राहिलं. ह्याच किनाऱ्यावर कड्याच्या टोकाला सैनिकांचा मोठा क्लब होता, स्टिलवेल हॉल. आर्मी गेली आणि समुद्र आत आला, दरवर्षी थोडा थोडा, शेवटी २००४ ला पडायच्या आधीच उतरवून टाकला. लोक अजून त्याच्या नाचाच्या फ्लोअरच्या आठवणी सांगतात म्हणे.

दुपारी गावात. मरीनाची गंमत अशी की रस्त्याच्या एका बाजूला चकाचक मॉल, टार्गेटचं दुकान, थिएटर, नवी घरं, आणि दुसऱ्या बाजूला जाळीमागे लाकडी बराकी, काचा फुटलेल्या, रंगाचे पापुद्रे सुटलेले. ह्या बराकी पाडणं सोपं नाही, रंगात शिसं, फरशीत आणि पाइपांवर ॲस्बेस्टॉस. बुलडोझर घालून मोकळं होता येत नाही, आधी वेगवेगळे थर काढायचे, पिशव्यांत भरायचे, मग पाडायचं. म्हणून तीस-तीस वर्षं उभ्या. त्यातल्या काही मात्र नशीबवान निघाल्या, १९९५ मध्ये इथेच कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी माँटेरे बे सुरू झाली आणि सुरुवातीचे वर्ग जुन्या मिलिटरी इमारतींतच भरले. आम्ही कॅम्पसमधून चक्कर मारली, पोरं स्केटबोर्डवर, शेजारी "इमारतीत प्रवेश बंद".

रस्त्यांची नावं बघा, इमजिन पार्कवे, इंटर-गॅरिसन रोड. इमजिन ही कोरियातली नदी. त्या इमजिनच्या कडेलाच तो झाकलेला कचरा डेपो. आम्ही गाडी हळू केली, तर काय, गवत. कुंपण, गवत, मध्येमध्ये पाइप वर आलेले. ह्याच्या खालून टीसीई भूजलात गेलं, तेव्हापासून विहिरीतनं पाणी उपसून कोळशाच्या टाक्यांतून गाळतात आणि परत जमिनीत सोडतात. आपल्याकडे घरच्या फिल्टरमध्ये कार्बनची कांडी असते तेच, फक्त टाकी खोलीएवढी. जुन्या विमानतळाजवळ अजून एक प्रकार होता, खड्ड्यात इंधन ओतून पेटवायचं आणि आग विझवायचा सराव करायचा. तीही माती खणून साफ करावी लागली.

बायको गाडीतून म्हणाली, "माँटेरेला ॲक्वेरियम आहे, जगातले लोक बघायला येतात. आपण कचरा बघतोय." मग संध्याकाळी गेलो ॲक्वेरियमला. जेलीफिश मस्त. तिकिटं विचारू नका.

दिवस तिसरा, रविवार

धुकं नऊला फाटलं आणि ऊन पडलं. आज फोर्ट ऑर्ड नॅशनल मॉन्युमेंट. २० एप्रिल २०१२ ला ओबामांनी जाहीर केलं, साधारण १४,६०० एकर, ८६ मैल पायवाटा. आम्ही हायवे ६८ कडून बॅजर हिल्सच्या पार्किंगला गाडी लावली. ओकची झाडं, त्यांच्यावर दगडफुलाच्या दाढ्या, पिवळं पडत चाललेलं गवत, मध्येच पॉपीची केशरी फुलं राहिलेली. टेकडीपलीकडून एकदम इंजिनांचा आवाज, घूंऽऽऽ, तो लगुना सेकाचा रेस ट्रॅक, तीही जमीन एकेकाळी ह्याच छावणीची.

तासभर चढल्यावर आण्णा पुढे आणि आम्ही मागे, नेहमीसारखं. वळणावर मेंढरं. खरीखुरी, काही शे तरी असतील, आणि दोन पांढरी कुत्री. वाळकं गवत वणव्याला खाद्य होऊ नये म्हणून इथे मेंढ्या चारतात. मेंढपाळ फक्त स्पॅनिश बोलत होता, आण्णा फक्त मराठी, आणि दहा मिनिटं दोघांचं काय ते चाललं होतं हातवाऱ्यांनी. परत येऊन मला सांगतात, "लंगडणाऱ्या मेंढीला हे पण तेच करतात." काय करतात ते सांगितलं नाही.

पुढे एका ठिकाणी मशीन गन फ्लॅट्स अशी जागा आहे, नाव तसं, आणि आहे काय तर गवताचं पठार, पावसाळ्यात तिथे तळी साचतात आणि त्यात दुर्मिळ सॅलॅमँडर, पालीसारखा दिसणारा पण बेडकाच्या जातकुळीतला प्राणी. हे मला फार भारी वाटतं, की जिथे कोणाला जाता येत नव्हतं तिथेच हे सगळं वाचलं. किनाऱ्याला लागून असलेली बाकीची जमीन घरांनी आणि गोल्फ कोर्सनी खाल्ली, आणि बॉम्ब पडायचे तिथे मँझनिटाची झुडपं शाबूत.

बॉम्ब पडायचे ती जागा पश्चिमेला, रुंद कुंपणाआड. तोफा, मॉर्टर, रॉकेट, ग्रेनेड, सगळं त्या भागात डागायचे, आणि त्यातलं काही फुटायचं नाही. न फुटलेलं जमिनीत घुसून बसतं. वरून मँझनिटा वाढते, माणसाच्या डोक्याइतकी उंच, चिवट, एकात एक गुंतलेली, आत शिरताच येत नाही. मग शोधायचं कसं? तर आधी जाळायचं.

हो, जाळायचं. वारा, आर्द्रता, सगळं बघून, आजूबाजूच्या गावांना कळवून, ठरावीक तुकडा पेटवून देतात. मशीनने छाटलं तरी चालेल असं वाटतं, पण मशीनखाली काय येईल सांगता येत नाही, आणि शिवाय ह्या झुडपांना आगीची गरज असतेच, त्यातल्या काहींचं बी आग गेल्याशिवाय रुजतच नाही. जळून राख झाली की माणसं आत जातात, आधी वरवर दिसतं ते उचलायचं, मग जमिनीचे चौकोन पाडून मॅग्नेटोमीटरने, म्हणजे जमिनीतलं लोखंड ओळखणाऱ्या यंत्राने, एक एक पट्टा धुंडाळायचा. जिथे आवाज होईल तिथे हाताने खणायचं. बहुतेक वेळा निघतं काय, खिळा, तार, पत्र्याचा डबा, गोळीचा तुकडा. पण खणणाऱ्याला प्रत्येक वेळी बॉम्बच आहे असं समजूनच खणावं लागतं. खरंच निघाला आणि हलवण्यासारखा नसला तर वाळूच्या पोत्यांनी वेढून जागेवरच उडवतात.

आगीचं एकदा फसलंही आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये लावलेली आग ठरवलेल्या हद्दीच्या बाहेर गेली आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त एकर जळले. धुराचा ज्यांना त्रास होईल त्यांना काही दिवस बाहेर राहायचा खर्च आर्मीने दिला होता. लोक त्यावरून अजून दोन गटांत आहेत, कोणी म्हणतं धूर नको, कोणी म्हणतं बॉम्ब नको. दोघांचंही बरोबर आहे आणि दोघांनाही घरं तिथेच हवी आहेत.

कुंपणापाशी पोचलो. वर काटेरी तारेची वेटोळी, आणि दर थोड्या अंतरावर पाटी, धोका, न फुटलेला दारूगोळा. खाली तीन शब्द, ओळखा, मागे फिरा, कळवा. इंग्रजीत तिन्ही आर वरून सुरू होतात म्हणून शाळांत पोरांना शिकवतात.

आण्णांनी मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. ते जरा वेळ पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले की आमच्या शाळेत पहिल्या दिवशी बाराखडीच्या आधी हेच असायचं. दिसलं तर हात लावायचा नाही, आलात त्याच पावलांनी मागं जायचं, गुरुजींना सांगायचं. "आणि सांगायला कोण यायचं माहितीये का? ज्यांच्या घरी भंगाराचा धंदा नाही तीच पोरं."

सई म्हणाली, "आजोबा, मग बाकीची?" आण्णांनी पाण्याची बाटली काढली.

तिथेच एक म्हातारे गोरे गृहस्थ काठी टेकत आले, टोपीवर व्हिएतनाम व्हेटरन. बोलायला लागले. १९६८ ला आठ आठवडे इथे होते, एकोणीस वर्षांचे. म्हणाले की आम्हाला वाटायचं हे जगातलं सगळ्यात भिकार ठिकाण आहे, वाळू, थंडी, धुकं आणि सार्जंट. आता दर मेमोरियल डेला येतो आणि बायकोला सांगतो बघ किती छान आहे. मी आण्णांसाठी भाषांतर करत होतो. आण्णांनी त्यांना विचारायला लावलं की तुम्ही मारलेल्या गोळ्यांपैकी किती फुटल्या नाहीत? ते हसले, म्हणाले मी स्वयंपाकखान्यात जास्त होतो, माझे बटाटे मात्र सगळे फुटले.

एक गोष्ट मला घर घेणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची वाटली. साफ झाली म्हणून लोकांना दिलेली जी जमीन आहे तिच्यावरही इथे खणायचे नियम आहेत. दहा घनयार्डापेक्षा जास्त माती हलवायची असेल तर परवानगी काढा, कामगारांना काय दिसलं तर काय करायचं ते आधी शिकवा. म्हणजे "साफ" हा शब्द कागदावर एकटा येत नाही, कशासाठी साफ ते पुढे लिहिलेलं असतं. चालायला साफ, सायकलला साफ, घराला साफ, बागेत आळं करायला वेगळं. आधी मला ही पळवाट वाटायची. कुंपणाजवळ उभं राहून तशी वाटली नाही, निदान लिहून तरी ठेवलंय कोणीतरी, आणि कुंपण कुठे संपतं ते नकाशावर आहे.

उतरताना आण्णांचा गुडघा बोलायला लागला. कॅस्ट्रोव्हिलला तळलेले आर्टिचोक खाल्ले, बायकोचं मत की वांग्याची भजी जास्त चांगली लागतात, मीही त्याच मताचा. रात्री घरी.

दिवस चौथा, सोमवार

आज सॅन फ्रान्सिस्को, एका दिवसात तीन जागा, ही दुसरी चूक.

प्रेसिडिओ आधी. स्पॅनिशांनी १७७६ ला ठाणं घातलं, मग मेक्सिको, मग अमेरिका, आणि १९९४ ला आर्मीने नॅशनल पार्कला दिलं. आज मेमोरियल डे, त्यामुळे तिथल्या मिलिटरी कबरस्तानात प्रत्येक दगडापुढे छोटा झेंडा, हजारो, आणि मागे गोल्डन गेट. आण्णा टोपी काढून उभे राहिले. सईनेही काढली.

खाली क्रिसी फील्ड. आता जिथे लोक कुत्री फिरवतात, पतंग उडवतात, तिथे १९२० च्या दशकात आर्मीचा विमानतळ होता, आणि नंतर डांबर, गाड्यांची यार्डं, कचरा. इथून ८७,००० टन घातक माल काढला. मग खाडीचं पाणी आत यायला वाट फोडून साधारण १८ एकरांची दलदल परत तयार केली, नोव्हेंबर १९९९ ला पहिल्यांदा भरतीचं पाणी आत आलं. बगळे उभे होते, पेलिकन होते. साफसफाईचे पैसे कसे आले तेही इंटरेस्टिंग आहे, आर्मीने १९९९ मध्ये ही जागा सांभाळणाऱ्या प्रेसिडिओ ट्रस्टला १० कोटी डॉलर दिले आणि सांगितलं तुमचं तुम्ही करा. ट्रस्टने केलं, शिवाय विमाही उतरवला, खणताना अजून काय निघालं तर म्हणून. आण्णांना विम्याचं फार आवडलं. (एलआयसीचे एजंट होते ते पंधरा वर्षं, पगारात भागायचं नाही.)

दुसरी जागा हंटर्स पॉइंट. इथे गाडीतलं वातावरण बदललं. त्याच शहराचं दुसरं टोक, पण इथे गोल्डन गेट दिसत नाही, पर्यटक येत नाहीत, वस्ती जास्त करून काळ्या लोकांची, त्यातल्या कितीतरी जणांचे आजोबा युद्धात ह्याच नेव्हीच्या गोदीत कामाला आलेले. हिरोशिमाच्या बॉम्बचे भाग घेऊन इंडियानापोलिस जहाज १६ जुलै १९४५ ला इथूनच निघालं. १९४६ ला पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर अणुचाचण्या झाल्या, त्यातली किरणोत्सर्गी झालेली जहाजं घासायला इथे आणली, आणि नेव्हीची रेडिओलॉजिकल लॅब १९६९ पर्यंत इथे चालली. १९८९ पासून सुपरफंडवर.

आम्ही हेरन्स हेड पार्कमधून पाण्यापलीकडे ती प्रचंड क्रेन बघितली. मी आण्णांना सांगितलं की इथे साफ करायला नेमलेल्या कंत्राटदार कंपनीच्या दोन सुपरवायझरांनी दूषित जागेच्या मातीचे नमुने म्हणून दुसरीकडची चांगली माती लॅबला पाठवली. पकडले गेले, गुन्हा कबूल केला, २०१८ मध्ये प्रत्येकी आठ महिन्यांची शिक्षा. त्याच्यानंतर परत तपासणी, परत वाट बघणं. शेजारी घरं आधीच बांधून झालेली, लोक राहायला आलेले.

आण्णा चार दिवस एकच प्रश्न विचारत होते, इथे तो उलटा झाला. "म्हणजे इथं माती गेली कुठं ते नाही. इथं माती आली कुठनं." मग बराच वेळ कोणी बोललं नाही. सईने रेडिओ लावला.

अलामीडाला पोचेस्तोवर चार वाजले. नेव्हीचं विमानतळ, १९९७ ला बंद, १९९९ ला सुपरफंडवर. विमानाच्या डायलवर अंधारात चमकायला रेडियमचा (खऱ्या, किरणोत्सर्गी धातूचा) रंग लावायचे आणि उरलेला मोरीत ओतायचे, ते सगळे पाइप उकरावे लागले. आता जुन्या हँगरांत दारूच्या भट्ट्या आहेत, लायसनच्या, लोक रांगेत उभे. आण्णांना आधी विश्वासच बसेना, रेडियमच्या शेजारी दारू? मी म्हटलं हँगर वेगळा, इमारत वेगळी, नकाशा आहे. "तुझा नकाशा," ते म्हणाले.

धक्क्यावर हॉर्नेट ही जुनी विमानवाहू युद्धनौका उभी आहे, अपोलो ११ च्या अंतराळवीरांना समुद्रातून उचलणारी. तिकीट काढून वर चढलो, सई आणि आजोबा दोघंही खूश, मी डेकवर झोपायच्या बेतात. मागे जुन्या रनवेच्या बाजूला लीस्ट टर्न पक्षी घरटी करतात, मुठीएवढे, नामशेष व्हायला आलेले, त्यांना उघडी रेताड जमीन लागते आणि किनाऱ्यावर ती उरली नाही म्हणून ते डांबरावर आले. आता त्यांच्यासाठी कुंपण आहे. जवळ जाता येत नाही, पण ब्रेकवॉटरशी दोन दिसले, हवेत थांबायचे आणि दगडासारखे पाण्यात.

घरी आल्यावर खिचडी टाकली. साडेआठला, म्हणजे तिकडे मंगळवारी सकाळी नऊला, आण्णांनी नगरला त्यांच्या जुन्या हेडमास्तरांना व्हिडिओ कॉल लावला, स्पीकरवर, नेहमीसारखं ओरडून. सगळं सांगितलं. आग लावतात, चौकोन पाडतात, खिळा निघाला तरी लिहून ठेवतात, पाटी लावलीये आपल्या शाळेसारखी. तिकडून हूं हूं चालू होतं. मग हेडमास्तर म्हणाले, "ते सगळं बराबर हाये गुरुजी. पण पितळ कोण नेतं?"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आत स्फोटाची दारू राहिली नाही असं तपासून, सही करून, मग वितळवायला पाठवतात.

आण्णांनी फोनमध्ये सांगितलं, "सर्टिफिकेट देतात. पितळाला."

तिकडून इतकं मोठ्याने हसण्याचा आवाज आला की सई झोपेतून उठून बाहेर आली.